ज्या बारमध्ये हँक विल्यम्स घडला, त्याच बारच्या वाटेवर वयाच्या २९व्या वर्षी संपला

२०२४ मध्ये बियॉन्सेने ‘काउबॉय कार्टर’ नावाचा अल्बम काढला आणि अमेरिकेत एकच वाद सुरू झाला. कंट्री म्युझिक नक्की कुणाचं? काउबॉय हॅट घालणाऱ्या गोऱ्यांचं की कृष्णवर्णीयांचंही? सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडणं झाली.

पण ज्या माणसाला कंट्री म्युझिकचा सगळ्यात मोठा गीतकार मानतात, त्याची गोष्ट वाचली तर या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. हा माणूस गाणं शिकला ते रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या एका कृष्णवर्णीय कलाकाराकडून. तयार झाला तो अलाबामातल्या छोट्या गावांच्या बारमध्ये. आणि १९५३ सालच्या पहिल्याच दिवशी, पुढच्या शोला जाताना, गाडीच्या मागच्या सीटवर मेला.

नाव हँक विल्यम्स. गाणी रेकॉर्ड करण्याची त्याची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची. पण त्या सहा वर्षांच्या मागे दहा वर्षांची बारमधली नोकरी होती, आणि तीच कुणी फारशी सांगत नाही.

पाठदुखी घेऊनच जन्माला आला

हँकचा जन्म १७ सप्टेंबर १९२३ चा. गाव माउंट ऑलिव्ह, राज्य अलाबामा. खरं नाव हायरम. वडील लॉन लाकूड कंपनीच्या रेल्वेवर कामाला होते आणि पहिल्या महायुद्धात लढून आले होते. हँक सहा-सात वर्षांचा असताना वडील आजारी पडले आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यात भरती झाले. ते पुढची बरीच वर्षं तिथेच होते. म्हणजे बाप जिवंत, पण घरात नाही.

घर चालवलं आई लिलीने. तो काळ महामंदीचा. लिलीने भाडेकरू ठेवायची खानावळ टाकली, गावं बदलली, जमेल ते काम केलं. पोरगा शेंगदाणे विकायचा, बूट पॉलिश करायचा.

या पोराला मणक्याचा जन्मजात दोष होता, ज्याला स्पायना बिफिडा ऑकल्टा म्हणतात. यात मणक्याचं हाड नीट जुळलेलं नसतं. बाहेरून काही दिसत नाही, पण हँकची पाठ आयुष्यभर दुखत राहिली. जड काम जमायचं नाही, खेळात भाग घेता यायचा नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे जे काही झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

टी-टॉट नावाचा गुरू

जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल या गावांत एक कृष्णवर्णीय कलाकार रस्त्यावर गिटार वाजवून पैसे मिळवायचा. नाव रुफस पेन, लोक त्याला टी-टॉट म्हणायचे. छोटा हँक त्याच्या मागे मागे फिरायला लागला. लिली त्याला जेवायला घालायची आणि त्या बदल्यात तो पोराला गिटार शिकवायचा, असं सांगतात.

तो काळ वंशभेदाचा होता. अलाबामात शाळा, बस, थिएटर सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि कृष्णवर्णीयांचं वेगळं. अशा ठिकाणी एका गोऱ्या पोराने कृष्णवर्णीय माणसाला गुरू मानणं ही साधी गोष्ट नव्हती. टी-टॉटने त्याला नुसते सूर शिकवले नाहीत. समोरच्या गर्दीला थांबवायचं कसं, तिला गाण्यात ओढायचं कसं, हेही शिकवलं. रस्त्यावर वाजवणाऱ्याला हे यावंच लागतं, नाहीतर टोपीत नाणं पडत नाही.

१९३९ मध्ये टी-टॉट माँटगोमरीत गरिबीतच वारला. शिष्याचं नाव झालेलं त्याने पाहिलं नाही. पुढे मोठा झाल्यावर हँकने मात्र आपलं संगीताचं शिक्षण त्याच्याकडेच झालं हे उघडपणे सांगितलं.

हॉन्की टॉन्क म्हणजे काय रे भाऊ?

१९३७ मध्ये लिली पोरांना घेऊन अलाबामाची राजधानी माँटगोमरीला आली. तिथल्या डब्ल्यूएसएफए या रेडिओ स्टेशनवर हँकला १५ मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. आठवड्यातून दोनदा गायचं, पगार आठवड्याला १५ डॉलर. वय किती, तर पंधराच्या आसपास.

याच काळात त्याने बँड काढला, ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’. म्हणजे भटके काउबॉय. आणि बँड निघाला हॉन्की टॉन्कच्या वाटेला.

१९३३ मध्ये अमेरिकेतली देशव्यापी दारूबंदी उठली. पण दक्षिणेतल्या बऱ्याच भागांत ती स्थानिक पातळीवर चालूच राहिली. त्यामुळे जिथे दारू चालते तिथे, गावाबाहेर, हायवेच्या कडेला बार उभे राहिले. बिअर, नाचायला मोकळी जागा, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स आणि शनिवारी जिवंत बँड. या बारना हॉन्की टॉन्क म्हणायचे. गिऱ्हाईक कोण? गिरणी कामगार, लाकूडतोडे, शेतमजूर, ट्रक ड्रायव्हर. आठवड्याचा पगार हातात आला की मंडळी इथे जमायची.

आता अशा ठिकाणी गायचं म्हणजे काय, याचा विचार करा. लोक तुमचं गाणं ऐकायला आलेले नाहीत. ते प्यायला, नाचायला आणि कधीकधी मारामारी करायला आलेत. बाटल्यांचा खणखणाट, आरडाओरडा. नाजूक गाणं तिथे ऐकूच जात नाही.

म्हणून या बारनी कंट्री म्युझिकच बदलून टाकलं. वाद्यांना वीज आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडले गेले. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी तुकडा सरकवत वाजवायची स्टील गिटार पुढे आली. जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्यांत जी हवाईयन गिटार ऐकू येते ना, तिचीच ही सख्खी बहीण. ताल असा की पाय आपोआप हलावेत. शब्द असे की दोन बिअर झालेल्या माणसालाही एका दमात कळावेत.

विषय पण बदलले. आधी कंट्रीमध्ये गाव, आई, देव हे जास्त असायचं. बारमधल्या माणसाला त्याची स्वतःची गोष्ट हवी होती. बायको सोडून गेली, नोकरी गेली, रात्र सरत नाही. हँकची गाणी एवढी साधी आणि एवढी थेट का आहेत, याचं उत्तर या बारमध्ये आहे. त्याला संगीताची लिपी वाचता येत नव्हती. समोरच्या माणसाचा चेहरा मात्र वाचता येत होता.

आई मॅनेजर, खिशात सोटा

१९३९ मध्ये हँकने शाळा सोडली आणि बँड हेच काम झालं. मॅनेजर होती आई. लिली धिप्पाड आणि खमकी बाई. शो ठरवायची, पोरांना गाडीतून न्यायची, दारावर उभी राहून तिकिटाचे पैसे घ्यायची. बँड अलाबामाच्या गावागावांत फिरायचा, शेजारच्या फ्लोरिडाच्या पट्ट्यातही जायचा.

रेडिओचा पगार किरकोळ, पण रेडिओचा खरा उपयोग वेगळा होता. कार्यक्रमात पुढचा शो कुठे आहे ते सांगता यायचं. सकाळी रेडिओवर ऐकायचं आणि रात्री बारमध्ये बघायला जायचं, असं ते गणित होतं.

मारामाऱ्या नेहमीच्याच. बँडमध्ये स्टील गिटार वाजवणारा डॉन हेल्म्स पुढे एक किस्सा सांगायचा. तो नवीन होता तेव्हा हँक सगळ्या पोरांना तारण ठेवायच्या दुकानात घेऊन गेला आणि प्रत्येकाला चामड्यात शिवलेला छोटा सोटा घेऊन दिला. आपल्यासोबत वाजवायचं तर हे लागेल, हा त्याचा हिशोब.

आणि बारमध्ये काम करायचं तर दारू समोरच. पाठ दुखते, रात्री दोनपर्यंत उभं राहून गायचंय, दारू हाताशी आहे. हँक कमी वयातच प्यायला लागला. १९४२ मध्ये रेडिओ स्टेशनने त्याला सतत दारू पिऊन येतो म्हणून काढून टाकलं. तेव्हा तो १९ वर्षांचाही झाला नव्हता. महायुद्धात बँडमधली पोरं सैन्यात भरती झाली. हँकला मात्र पाठीमुळे घेतलं नाही. काही काळ त्याने मोबील शहरात जहाजाच्या कारखान्यात काम केलं आणि पुन्हा बँड जमवला.

१९४३ मध्ये गावोगाव औषध विकणाऱ्या एका फिरत्या शोमध्ये त्याला ऑड्री शेपर्ड भेटली. डिसेंबर १९४४ मध्ये दोघांनी एका पेट्रोल पंपावर लग्न केलं. हो, पेट्रोल पंपावरच.

एका गाण्याने सगळं बदललं

१९४६ मध्ये हँक नॅशव्हिलला गेला आणि फ्रेड रोझ या संगीतकार-प्रकाशकाला भेटला. रोझने त्याला हाताशी धरलं. हँकच्या कच्च्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवायचं काम बऱ्याचदा रोझ करायचा. १९४७ मध्ये एमजीएम कंपनीसाठी रेकॉर्डिंग सुरू झालं. १९४८ मध्ये श्रीव्हपोर्टच्या ‘लुइझियाना हेराइड’ या रेडिओ शोमध्ये त्याला जागा मिळाली.

मग आलं ‘लव्हसिक ब्लूज’. गंमत म्हणजे हे गाणं हँकचं नव्हतंच, १९२२ सालचं होतं. फ्रेड रोझला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण हँकने हट्टाने रेकॉर्ड केलं, कारण लोक त्यावर कसे पेटतात हे त्याने स्टेजवरून पाहिलं होतं. १९४९ मध्ये ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत १६ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

११ जून १९४९ ला तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’मध्ये पहिल्यांदा गायला. कंट्री गायकासाठी याच्यावर काही नाही. लोकांनी त्याला सहा वेळा परत बोलावलं, असं सांगितलं जातं.

नवीन बँड उभा राहिला, नाव तेच जुनं. डॉन हेल्म्स स्टील गिटारवर, जेरी रिव्हर्स फिडलवर. बँडमध्ये ड्रम नव्हता. गिटारच्या तारा दाबून ठक-ठक असा ताल धरायचा. हँक खालच्या सुरात गायचा तेव्हा स्टील गिटार वरच्या सुरात वाजायची, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

बारचा हिशोब त्याच्या रेकॉर्ड्समध्येही होता. त्या काळात रेकॉर्ड्सचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बारमध्ये ज्यूकबॉक्स लावणारे धंदेवाले. हँकचं नाव दिसलं की ते डोळे झाकून रेकॉर्ड घ्यायचे. पण हँकला उपदेशपर, बोलून सादर करायच्या गोष्टीही रेकॉर्ड करायच्या होत्या. बारमध्ये कुणी नाणं टाकलं आणि ज्यूकबॉक्समधून प्रवचन सुरू झालं तर? म्हणून त्या रेकॉर्ड्स ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या दुसऱ्या नावाने निघाल्या.

रविवार ते शुक्रवार रस्ता, शनिवारी नॅशव्हिल

आता हँक स्टार झाला होता. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हे त्याचं गाणं १९५१ मध्ये टोनी बेनेटने गायलं आणि ते कंट्रीच्या बाहेर, देशभर गाजलं. मग बारची वणवण संपली असेल, नाही का?

नाही. वणवण वाढली.

ऑप्रीचा नियम असा की शनिवारी रात्री कलाकार नॅशव्हिलमध्ये हजर हवा. ऑप्रीचं मानधन तुटपुंजं, पण ऑप्रीचं नाव लावलं की बाहेर शोला चांगले पैसे मिळतात. त्यामुळे शनिवारी गाऊन झालं की गाडीत बसायचं, आठवडाभर शो करायचे आणि पुढच्या शनिवारी परत यायचं. मोठे हायवे तेव्हा नव्हते, त्यांचा कायदाच १९५६ मध्ये झाला. दोन पदरी रस्ता, एक गाडी, आत अख्खा बँड, टपावर बांधलेलं भलंमोठं बास. झोप गाडीतच. मणक्याचा आजार असलेला माणूस आठवड्याला शेकडो मैल बसून प्रवास करत होता.

१९५१ च्या उन्हाळ्यात तो हॅडाकोल कॅराव्हॅन या मोठ्या दौऱ्यावर गेला. हॅडाकोल हे एक टॉनिक. विकणारा लुइझियानाचा सिनेटर डडली लेब्लाँक. टॉनिकच्या खोक्याचं झाकण दाखवलं की शोला प्रवेश. या टॉनिकमध्ये १२ टक्के अल्कोहोल होतं, त्यामुळे दारूबंदी असलेल्या भागांत त्याला भारी मागणी होती. दारूपायी शरीर खिळखिळं झालेला गायक आणि औषधाच्या नावाने विकली जाणारी दारू, दोघं एकाच दौऱ्यावर.

डिसेंबर १९५१ मध्ये त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांचं न ऐकता तो लवकर घरी आला. वर्षअखेरीचे शो करणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्याच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड करून प्रेक्षकांना ऐकवण्यात आला, की ऑपरेशन झालंय म्हणून येता आलं नाही. असा निरोप द्यावा लागला, कारण हँक आला नाही म्हणजे पिऊन पडला असणार, असं आता लोक धरूनच चालले होते. बऱ्याचदा ते खरंही होतं. पण आजारी माणूस आणि दारुडा माणूस यातला फरक बघायची सवयच कुणाला राहिली नव्हती.

१९५२: एकेक दार बंद

त्या वर्षी ऑड्रीशी घटस्फोट झाला. ऑड्रीने पुन्हा लग्न केलं नाही तर हँकच्या पुढच्या रॉयल्टीतला अर्धा वाटा तिचा, असं ठरलं. शो बुडायला लागले. स्टेजवर तोल जायला लागला. ११ ऑगस्ट १९५२ ला ऑप्रीने त्याला काढून टाकलं. दहा वर्षांपूर्वी माँटगोमरीच्या रेडिओने जे केलं तेच.

तो परत श्रीव्हपोर्टला गेला. ऑक्टोबरमध्ये बिली जीनशी लग्न झालं आणि न्यू ऑर्लिन्समध्ये तिकीट लावून तो सोहळा लोकांसमोर पुन्हा दोनदा केला गेला. लग्नसुद्धा शो झालं.

याच काळात टोबी मार्शल नावाचा माणूस त्याचा डॉक्टर बनला. पदवी खोटी, आणि आधी फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. तो हँकला क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं औषध लिहून द्यायचा. दारूबरोबर हे औषध म्हणजे जिवाशी खेळ.

कमाल म्हणजे गाणी मात्र थांबली नाहीत. ‘जम्बालाया’ याच वर्षीचं. ‘युअर चीटिन हार्ट’ सप्टेंबरच्या त्याच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमधलं.

१९ डिसेंबर १९५२ ला टेक्सासच्या ऑस्टिन शहरात, हायवेवरच्या ‘स्कायलाइन क्लब’मध्ये तो गायला. त्याचा शेवटचा मोठा जाहीर शो हाच, तोही एका हॉन्की टॉन्कमध्ये. एक विचित्र योगायोग पुढे झाला. बिली जीनने नंतर जॉनी हॉर्टन या गायकाशी लग्न केलं. १९६० मध्ये हॉर्टनचा शेवटचा शोही याच क्लबमध्ये झाला आणि तिथून परतताना तो अपघातात गेला.

शेवटचा प्रवास

३१ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला आणि १ जानेवारीला ओहायोतल्या कॅन्टनला शो ठरले होते. ३० डिसेंबरला हँक माँटगोमरीहून कॅडिलॅक गाडीने निघाला. गाडी चालवायला चार्ल्स कार हा कॉलेजचा पोरगा.

वाटेत हवामान बिघडलं. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलहून विमान पकडलं तर ते वाटेतून माघारी आलं. चार्ल्सटनचा शो गेलाच. हॉटेलवर एका डॉक्टरने हँकला व्हिटॅमिन बी-१२ आणि मॉर्फिनची दोन इंजेक्शनं दिली. रात्री कॅन्टनकडे निघायचं ठरलं तेव्हा हॉटेलच्या हमालांनी त्याला उचलून गाडीत नेलं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल गावापर्यंत पोहोचल्यावर मागच्या सीटवरचा हँक मेलेला आढळला. हृदय बंद पडलं होतं. वय २९.

कॅन्टनमध्ये थिएटर भरलं होतं. डॉन हेल्म्सही तिथे पोहोचून वाट बघत होता. स्टेजवरून हँकच्या मृत्यूची बातमी सांगितली तेव्हा काही लोक चक्क हसले. त्यांना वाटलं, पुन्हा एक बहाणा. मग पडद्यामागून बाकीच्या कलाकारांनी हँकचंच ‘आय सॉ द लाइट’ हे भक्तिगीत सुरू केलं, तेव्हा प्रेक्षकांना कळलं की हे खरं आहे. मग तेही गायला लागले.

४ जानेवारीला माँटगोमरीत अंत्यविधी झाला. सुमारे २० हजार लोक जमले. वंशभेदाच्या नियमानुसार कृष्णवर्णीयांना वर बाल्कनीत बसवलं होतं, पण ते आले होते. कृष्णवर्णीय गायकांच्या एका चमूने तिथे गाणंही म्हटलं. मृत्यूनंतर पाच दिवसांनी, ६ जानेवारीला, हँकची मुलगी जेट जन्मली. आपण त्याची वारस आहोत हे कोर्टात सिद्ध करायला तिला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

१९६१ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ सुरू झालं तेव्हा पहिल्या तीन नावांत हँक होता. २०१० मध्ये पुलित्झर पुरस्काराच्या मंडळाने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला. जन्मभर बारसाठी लिहिणाऱ्या माणसाचा साहित्यिकांच्या पंगतीत मान झाला.

पण या सगळ्या सन्मानांच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. बाप गेला तेव्हा मुलगा हँक ज्युनियर चार वर्षांचाही नव्हता. आठव्या वर्षापासून त्याला स्टेजवर उभं करण्यात आलं. बापाची गाणी, बापासारखीच गायची. हँक विल्यम्स नावाचा माणूस संपला होता, पण त्या नावाने तिकीट अजून विकलं जात होतं.